चाकूवरचा आकडा आणि चाकूचे वय

घरातल्या जुन्या ट्रंकेत घडीचा चाकू सापडतो, पात्याच्या मुळाशी पुसट आकडा दिसतो, आणि हा सिरियल नंबर कुठेतरी ताडून पाहिला की चाकूचे साल निघेल असे वाटते. बहुतेक चाकूंच्या बाबतीत तसे होत नाही, कारण तो सिरियल नंबर नसतोच. तो नमुन्याचा क्रमांक असतो, मापाचा असतो, सरकारी भांडाराचा असतो, फौजेतल्या जवानाचा असतो, कधी तर दुकानाच्या पत्त्यातला घरनंबर असतो. म्हणून चाकूचे वय काढायचे तर आधी आकडा कोणत्या जातीचा हे ठरवायचे आणि मगच त्याचा अर्थ लावायचा. हा क्रम चुकला की महायुद्धातला चाकू १९०५ चा ठरतो आणि घरात तीच गोष्ट पुढे चालत राहते.

गोंधळ होतो तो यंत्रांच्या सवयीमुळे. किर्लोस्करवाडीच्या पंपावर पट्टी असते, शिंप्याच्या सिंगर मशीनवर आकडा ठोकलेला असतो, बंदुकीवर असतो, घड्याळाच्या आत असतो. या वस्तू महाग होत्या, हप्त्याने विकल्या जात, दुरुस्तीला परत येत. बंदुकीला तर परवाना लागे. एकेका नगाची नोंद ठेवणे कारखान्याला भागच होते. सिंगरच्या नोंदी शिल्लक आहेत, म्हणून त्या मशीनचे साल आकड्यावरून खरोखर निघते. घडीचे चाकू मात्र डझनाच्या हिशेबाने खोक्यात भरून बाजारात जात. त्यांची नगागणिक नोंद ठेवायचे कारणच नव्हते. स्वतंत्र नंबर मिळतो तो अलीकडे स्मरणार्थ काढलेल्या, मोजकेच नग बनवलेल्या किंवा एखाद्या कारागिराने हाताने घडवलेल्या चाकूंवर, आणि असा चाकू असेल तर त्याची पेटी नि प्रमाणपत्रही बहुधा सोबत असते.

आता आपल्या भागाचे पाहू. माधवनगर, बुधगाव, सांगली, मिरज, इकडे तासगाव-पलूस आणि वर सातारा-कऱ्हाडपर्यंतच्या घरांत जुने घडीचे चाकू आले ते मुख्यतः तीन वाटांनी. पहिली वाट फौजेची. दुसरी कचेरीची: सांगली, मिरज, बुधगाव ही संस्थानी गावे, तिथल्या कारकुनांना बोरू तासायला, पुढे शिसपेन्सिलीला टोक करायला चाकू लागे. तिसरी वाट बागेची, म्हणजे कलमे बांधण्याच्या चाकूची. चाकू यातल्या कोणत्या वाटेने आला हे घरातल्या माणसांना विचारले की निम्मे काम होते, कारण प्रत्येक वाटेच्या चाकूवरचे आकडे वेगळे आणि ते वाचण्याची रीतही वेगळी.

आधी हात आवरा

चाकू हातात आला की पहिली ऊर्मी तो चकचकीत करण्याची असते. कुणी पॉलिश पेपर घेतो, कुणी चिंच, कुणी राख. यातले काहीही करू नका. ठोकलेली अक्षरे मुळात केसाएवढी खोल असतात. गंज घासताना त्या अक्षरांच्या कडा जातात आणि त्यांच्याबरोबर चाकूचा सगळा पुरावा जातो. घासून झालेला चाकू दिसायला बरा, पण वाचायला मुका.

त्याऐवजी शिवणयंत्राचे तेल घ्या. बिजागरीत, म्हणजे पाते जिथे मुठीत फिरते तिथे, दोन-तीन थेंब सोडा आणि चाकू रात्रभर जुन्या कापडावर ठेवून द्या. सकाळी पाते जोर न लावता उघडा. उघडत नसेल तर पक्कडीने ओढू नका. पुन्हा तेल सोडा, आणखी एक दिवस थांबा. कृष्णेच्या पुरात भिजलेल्या ट्रंकांतून निघालेले चाकूसुद्धा अशा संयमाने उघडतात. सुटलेला लाल गंज कापसाने टिपून घ्या आणि खाचांतली घाण बांबूच्या किंवा दातकोरणीच्या काडीने काढा. लोखंडाचा टोच्या वापरू नका, तो नव्या रेघा पाडतो आणि त्या पुढे अक्षरांसारख्या दिसू लागतात.

मग बघायचे कुठे? पाते पूर्ण उघडा. पाते जिथे मुठीत शिरते तिथे धार संपते आणि एक जाड, चपटा भाग उरतो. कारखान्याचे नाव, गाव, देश, साल हे सगळे बहुधा तिथेच ठोकलेले असते. दोन्ही बाजू पाहा. चाकूला डबा फोडायचे किंवा स्क्रू पिळायचे पाते असेल तर त्याचेही मूळ पाहा. लष्करी चाकूवर साल पुष्कळदा तिथे सापडते. खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च बाजूने, जवळजवळ पात्याला टेकवून धरा. समोरून पडणाऱ्या उजेडात सपाट दिसणारे पाते बाजूच्या उजेडात एकदम बोलू लागते: अक्षरांच्या कडांना सावली पडते. तरी वाचता आले नाही तर खडूची पूड बोटाने चोळा आणि वरची पुसून टाका. खाचेत पांढरे राहते. फोटो काढा तो या अवस्थेत, आणि चार वेगवेगळ्या कोनांतून काढा. तीन आणि आठ, एक आणि सात यांचा घोळ एका फोटोत सुटत नाही.

फौजेतून आलेला चाकू

आपल्या भागात सर्वांत जास्त जपलेला चाकू हाच. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द जोडला गेला तो घराघरांतून फौजेत गेलेल्या माणसांमुळे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. अपशिंग्याचे नाव झाले, पण पलटणीत भरती झालेली माणसे या साऱ्या पट्ट्यातल्या गावांत होती. मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी एरिट्रियात केरेनला लढल्या, पुढे इटलीत लढल्या. त्या माणसांबरोबर जे सामान परत आले त्यात पदके, डिस्चार्जचे कागद, एखादा मग आणि घडीचा चाकू.

ब्रिटिश फौजेचा हा चाकू एकदा पाहिला की पुन्हा ओळखू येतो. मूठ काळी, जाळीदार खाचांची, हातात घसरू नये म्हणून. एक रुंद पाते, त्याची धार सरळ आणि पाठ टोकाशी वाकून धारेला भेटणारी, त्यामुळे भोसकण्यासारखे टोक नाही. डबा फोडायचे आखूड पाते. पुष्कळ चाकूंना पाठीवर दुमडलेला जाड सुळा असतो. दोराच्या गाठी सोडवायला, पट्ट्याला भोक पाडायला तो उपयोगी पडे. शेवटाला दोर ओवायची कडी.

या चाकूवर आधी बाण शोधा. तीन रेघांचा, वर टोक असलेला, पक्ष्याच्या पावलासारखा. ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. जवळ इंग्रजी ‘डब्ल्यू डी’ असेल तर तो युद्धखात्याचा माल. बाणाशेजारी ‘आय’ असेल तर हिंदुस्थान सरकारचा. ‘सी’च्या पोटात बाण असेल तर चाकू कॅनडाचा. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर ठोकलेले दिसले तर त्याचा अर्थ वेगळाच: तो माल सरकारने नोकरीतून काढून विकून टाकलेला आहे.

बाणाजवळ चार आकडे असतील, उदाहरणार्थ १९१७ किंवा १९४२, तर ते साल. चाकूवरचा एवढा सरळ आणि भरवशाचा आकडा दुसरा नाही. पण हे साल चाकू बनल्याचे आहे, तो कुणाच्या हाती पडल्याचे नाही. माल भांडारात वर्षानुवर्षे पडून राही. त्यामुळे १९४२ चा चाकू १९४५ मध्ये भरती झालेल्या जवानाला मिळू शकतो. १९३८ मध्ये पेन्शनीत आलेल्या आजोबांना मात्र तो फौजेतून मिळालेला नसतो, तो त्यांनी नंतर विकत घेतलेला किंवा कुणी दिलेला असतो. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराचा उरलेला माल ‘डिस्पोजल’ म्हणून बाजारात आला आणि पुढे तो पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत फिरत राहिला. बाण आहे एवढ्यावरून घरात कुणी फौजी होता असे ठरत नाही. हे सांगताना मला वाईट वाटते, कारण लोक ती गोष्ट फार जिवापाड सांगतात. पण पुरावा दुसरीकडून शोधावा लागतो, आणि पुष्कळदा तो सापडतोही.

साल नसून तिरकी रेघ असलेला क्रमांक दिसला तर सावध व्हा. ब्रिटिश फौजेच्या या चाकूचा एक प्रसिद्ध नमुना ६३५३/१९०५ या क्रमांकाने ओळखला जातो. त्यातले १९०५ हे नमुन्याचे साल. त्या नमुन्याबरहुकूम चाकू पुढे कित्येक वर्षे बनत राहिले. नमुन्यातला आकडा फक्त एक मर्यादा घालून देतो: चाकू त्याच्या आधीचा नाही.

आणि लांबलचक, तेरा आकड्यांचा क्रमांक असेल, चार-दोन-तीन-चार अशा गटांत पाडलेला, तर तो नाटो देशांच्या भांडारव्यवस्थेचा. याला लोक हमखास सिरियल नंबर समजतात. पहिले चार आकडे मालाचा प्रकार सांगतात: ५११० म्हणजे धारदार हत्यारे, ७३४० म्हणजे जेवणाची सुरी-काटे वगैरे, आणि घडीचा चाकू या दोन्हींत सापडू शकतो. पुढचे दोन आकडे देशाचे: ९९ ब्रिटन, १२ जर्मनी, ०० किंवा ०१ अमेरिका. एकाच नमुन्याच्या हजारो चाकूंवर हाच क्रमांक असतो. तरी त्याचा वय काढायला उपयोग आहे. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० च्या दशकात रुळली. तेव्हा असा क्रमांक ठोकलेला चाकू महायुद्धातला नाही, एवढे निश्चित सांगता येते.

आता या सगळ्यातला मोलाचा आकडा. तो कारखान्यात ठोकलेला नसतो. मुठीच्या बाजूला, लोखंडी टोकावर किंवा पात्याच्या पाठीवर ओळीत न बसलेले, एक अंक वर एक खाली असे आकडे दिसतात. कधी पंचने ठोकलेले, कधी खिळ्याने ओरखडलेले. हा जवानाचा नंबर असू शकतो. बराकीत सगळ्यांचे सामान सारखे, म्हणून प्रत्येक जण आपल्या वस्तूवर आपला नंबर घाली. ही एक खूण चाकूला एका माणसाशी बांधते, आणि तिची पडताळणी आपल्याच घरात करता येते.

पदके काढा. पहिल्या महायुद्धाच्या गोल चांदीच्या पदकाची कड भिंगाखाली फिरवत वाचा: जवानाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे उठवलेली असते. दुसऱ्या महायुद्धाचे तारे ब्रिटिश शिपायांना कोरे मिळाले, पण हिंदी फौजेतल्या ताऱ्यांच्या मागे नाव नि नंबर घातलेले सापडतात. डिस्चार्जच्या कागदावर तर नंबर असतोच. चाकूवरचा आकडा आणि पदकावरचा आकडा जुळला की वाद संपला. मग चाकूचे वय सालाने नाही, नोकरीच्या काळाने बांधता येते: भरतीपासून पेन्शनीपर्यंत.

पलटणीचा आकडाही मोठी मदत करतो. १९२२ साली हिंदी फौजेची फेरमांडणी झाली आणि जुन्या मराठा पलटणींची मिळून पाचवी मराठा लाईट इन्फंट्री झाली. १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी आणि ११४ ची दहावी. म्हणून वस्तूवर नुसते १०५ किंवा ११० असेल तर ती खूण १९२२ च्या आधीची. २/५ किंवा ३/५ असे असेल तर नंतरची. हा भेद पदकाच्या कडेवर, पट्ट्याच्या बकलावर, मगवर सगळीकडे लागू पडतो.

घरातला माणूस युद्धातून परतलाच नसेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत नाव शोधा. तिथे नंबर, पलटण आणि मृत्यूची तारीख मिळते. बऱ्याच नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही असते. गावांची स्पेलिंगे इंग्रज कारकुनाने कानाला आली तशी लिहिलेली आहेत, म्हणून एकाच नावाचे चार-पाच प्रकार करून पाहावे लागतात. सांगली आणि सातारा दोन्ही ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत; कागद कसा वाचायचा हे तिथे विचारायला संकोच करू नका.

कचेरीतला चाकू

कारकुनाचा चाकू लहान, दोन-अडीच इंचांचा, हाडाच्या, शिंगाच्या किंवा शिंपल्याच्या मुठीचा. यातला नामांकित माल इंग्लंडमधल्या शेफिल्डचा, आणि त्यात जोसेफ रॉजर्स अँड सन्स हे नाव हिंदुस्थानात घरोघरी माहीत असलेले. तारा आणि त्याच्याशेजारी माल्टीज क्रॉस ही त्यांची खूण, १६८२ पासूनची. हे साल चाकूचे नाही, खुणेचे आहे. पेटीवर किंवा पात्यावर ते छापलेले दिसले तर चाकू शिवकालाच्या आसपासचा समजू नये. दुसरा फसवा आकडा ६. ‘नंबर ६ नॉरफोक स्ट्रीट’ हा त्यांचा शेफिल्डमधला पत्ता होता आणि तो पात्यांवर ठोकला जाई. पुसट पात्यावर पत्ता जातो आणि नुसता ६ उरतो.

रॉजर्सच्या नावाची इतकी चलती होती की नकला भरपूर निघाल्या. अस्सल नावाच्या स्पेलिंगमध्ये मधे ‘डी’ अक्षर आहे. ते नसेल, किंवा तारा आहे पण क्रॉसऐवजी भलतेच काही आहे, तर चाकू जुना असू शकतो, पण रॉजर्सचा नाही. जॉर्ज वोस्टनहोम यांच्या ‘आय-एक्स-एल’ खुणेचेही तेच.

शेफिल्डच्या चाकूचे वय काढताना आकड्यांपेक्षा अक्षरे जास्त उपयोगी. मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ असेल तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, म्हणजे १९०१ पर्यंत. ‘ई आर’ असेल तर सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. ‘जी आर’ दिसले की तिथे थोडे अडायला होते, कारण पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६ आणि सहावा जॉर्ज १९३६ ते १९५२, दोघांची अक्षरे एकच. काही पात्यांवर ‘कटलर्स टु हर मॅजेस्टी’ अशी ओळ असते. ‘हर’ म्हणजे राणी, ‘हिज’ म्हणजे राजा: १९०१ ते १९५२ या काळात गादीवर राजाच होता, त्याच्या आधी व्हिक्टोरिया आणि नंतर एलिझाबेथ. एका शब्दावरून अर्धे शतक वेगळे काढता येते. कारखाने जुने ठसे संपेपर्यंत वापरत, म्हणून दोन-चार वर्षांची सूट धरावी.

देशाचे नाव हीही अशीच कसोटी. ब्रिटनमध्ये १८८७ साली, हिंदुस्थानात १८८९ साली मालखुणांचे कायदे झाले आणि १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले. त्यामुळे नुसते ‘शेफिल्ड’ असलेला चाकू त्याआधीचा असण्याची शक्यता जास्त आणि ‘शेफिल्ड, इंग्लंड’ असलेला बहुधा नंतरचा. बहुधा म्हणतो, कारण देशाच्या बाजारासाठी बनलेल्या मालावर पुढेही नाव नसे. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर मात्र शंका नको: १९४९ ते १९९०.

‘आर डी’ या अक्षरांपुढे मोठा आकडा असेल तर ती ब्रिटनमधली डिझाइनची नोंदणी. ही मालिका १८८४ च्या जानेवारीत एकपासून सुरू झाली आणि १९०० साल उजाडेपर्यंत साडेतीन लाखांच्या घरात गेली. नोंदणीचे साल या आकड्यावरून काढता येते. पण इथेही तीच अट: ते साल डिझाइनचे, चाकू त्याच वर्षीचा किंवा नंतरचा. पेटंटचा क्रमांक असेल तरी हाच नियम.

शेवटी ‘स्टेनलेस’ हा शब्द. न गंजणाऱ्या पोलादाचा शोध हॅरी ब्रेअर्ली यांनी शेफिल्डलाच १९१३ साली लावला. पात्यावर ‘स्टेनलेस’ किंवा जर्मन ‘रोस्टफ्राय’ असेल तर चाकू त्यानंतरचा, मग विकणारा त्याला १८५७ चा म्हणो की पेशवाईतला.

बागेतला आणि परदेशातून आलेला

द्राक्षाची, आंब्याची, गुलाबाची कलमे बांधणाऱ्यांकडे जर्मन किंवा स्विस चाकू असतात. पात्याची एकच बाजू तासलेली आणि साल उचलायला शेवटी पितळी जीभ. यावरचे आकडे नमुन्याचे. जर्मनीतल्या टीना कंपनीचा ६०५ हा कलमाचा चाकू आजही त्याच क्रमांकाने मागवला जातो. वय काढायला त्याचा काही उपयोग नाही. देशाचे नाव आणि मुठीची घडण पाहावी.

परदेशातल्या मुलाने किंवा पाहुण्याने आणलेल्या चाकूंपैकी तिघांची रीत माहीत असावी. लाकडी मुठीच्या फ्रेंच ओपिनेलवरचा ८ किंवा ९ हे माप आहे. पाते जागेवर आवळून धरणारी फिरती कडी १९५५ साली आली. मोठ्या मापाच्या ओपिनेलला ती मुळातच नसेल तर तो त्याआधीचा. स्विस शिपायाच्या चाकूंवर, विशेषतः १९६१ च्या नमुन्याच्या ॲल्युमिनियम मुठीच्या चाकूंवर, मोठ्या पात्याच्या मुळाशी सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. तांबड्या मुठीच्या, दुकानात मिळणाऱ्या स्विस चाकूवर ते शोधू नयेत.

अमेरिकी केस कंपनीची पद्धत सर्वांत सुबक. १९७० साली त्यांनी नावाखाली दहा ठिपके ठोकायला सुरुवात केली आणि दर वर्षी एक ठिपका कमी केला. सात ठिपके असतील तर १९७३. पात्यावरचा ६२५४ सारखा आकडा मात्र सालाशी संबंधित नाही: ६ म्हणजे हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती, ५४ म्हणजे घडणीचा नमुना. आकड्यात ६ आहे आणि मूठ प्लास्टिकची आहे असे दिसले तर मूठ बदललेली असू शकते, पण एवढ्यावरून ते ठरत नाही.

मूठ, आणि तिच्याबरोबर येणारा कायदा

मुठीवरून वयाचा खालचा टप्पा सापडतो. बेकेलाइटचा शोध १९०७ चा, म्हणजे तशा मुठीचा चाकू त्यानंतरचा. सेल्युलॉइडची मूठ त्याआधीपासून आहे. अंगठ्याने जोरात चोळली की कापरासारखा वास येतो. या मुठीची एक वाईट खोड आहे. जुनी झाली की तिच्यातून वाफ सुटते आणि ती वाफ शेजारच्या पात्यांनाही गंज चढवते. असा चाकू बंद डब्यात, इतर चाकूंबरोबर अजिबात ठेवू नका.

हस्तिदंती मूठ किंवा सांबरशिंगाची मूठ असेल तर घरात वारशाने आलेली वस्तू आणि बाजारातली खरेदी-विक्री यांत कायदा फरक करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली असा व्यापार बंद आहे. विकण्याचा किंवा ऑनलाइन जाहिरात टाकण्याचा विचार करण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात विचारा. साधे हाड आणि सांबरशिंग यांची गल्लत होते. शिंगाची पाठ खडबडीत, नैसर्गिक पन्हळ्यांची असते, हाडावरच्या खाचा यंत्राने पाडलेल्या, एकसारख्या.

दुसरा १९७२ चाच कायदा पुरावस्तूंचा. शंभर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक मोलाची वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या नातवाला पणजोबांचा पहिल्या महायुद्धातला चाकू द्यायचा असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करावी, आणि वयाचा नीट वाचलेला पुरावा इथे कामी येतो. खटक्याने उघडणारा किंवा नऊ इंचांपेक्षा लांब पात्याचा चाकू असेल तर पोलीस ठाण्यात नियम विचारून घ्या. विमानात कोणताही चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही, आजोबांचा असला तरी.

हे सगळे वाचून झाल्यावर निष्कर्ष लिहिताना एकच साल लिहू नका, दोन साले लिहा: ‘याच्या आधीचा नाही’ आणि ‘याच्या नंतरचा नाही’. स्टेनलेस म्हणून १९१३ नंतरचा, ‘हिज मॅजेस्टी’ म्हणून साधारण १९५२ पर्यंतचा, असे. बाणाशेजारचे साल मिळाले तर उत्तमच. जुळत नसलेला एखादा पुरावा असेल तर तोही लिहा. नंतर पाहणाऱ्याला तोच उपयोगी पडतो.

आणि एक कळकळीची विनंती. आपल्याकडे वाटण्या होताना पदके एका भावाकडे जातात, डिस्चार्जचा कागद दुसऱ्याकडे, आणि चाकू ज्याला हवा त्याच्याकडे किंवा भंगारात. वस्तू कुणाकडेही जावोत. त्याआधी त्या तिन्ही एका चादरीवर मांडून, पदकाची कड आणि चाकूचा आकडा वाचता येईल असे फोटो काढा, मागे माणसाचे नाव, गाव आणि पलटण लिहा, आणि त्याची प्रत सगळ्या भावंडांना द्या.